पापं डुकराला, मामा जोंगीला

ही गोष्ट ज्यांच्या कानावर जायला नको होती ते सगळे आता चढावरच्या थडग्यांत शेजारी शेजारी झोपले आहेत, म्हणून सांगते. मी अजून आहे, माझं ताडीचं दुकान आहे, आणि जिच्याबद्दल माझ्या विहिणीने जन्मभर तक्रार केली ती माझी जीभही शाबूत आहे.

आमच्याकडे परक्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत, कूळ विचारतात. कूळ कळलं की तो आपला कोण लागतो ते कळतं. ते कळल्याशिवाय त्याला हाक काय मारायची, बसवायचं कुठे आणि डुकराचा कुठला तुकडा पुढे ठेवायचा, यातलं काहीच ठरत नाही. नाव काय, कुत्र्यालाही असतं.

तो आला बाजाराच्या बोटीने. अंगात दुसऱ्याच कोणासाठी शिवलेला काळा कोट, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बायबल. दुकानात बुद्धिबळाचा डाव चालला होता. माझा दीर जाबांगून हरत होता, म्हणून नियमांवरून भांडत होता. जाबांगून म्हणजे आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वडील. पाळकसाहेबांना तळ्याकाठची बरीच गावं सांभाळायची असत, ते आमच्या वाट्याला महिन्यातून एकदाच. बाकीचे रविवार जाबांगून चालवायचा. लग्नकार्यात गावाच्या वतीने बोलायचं कामही त्याचंच. बोलायची अशी दोन-दोन कामं असल्यामुळे त्याची ऐकायची सवय मोडली होती.

"कॉफी द्या बाई," पाहुणा म्हणाला. "ताडी नको. मी प्रभूचं काम करतो."

"प्रभूचं काम करणारे इथे सकाळपासून पितायत," मी दिराकडे बघत म्हटलं. "कूळ कुठलं?"

"सिराईत. मारोजाहान सिराईत."

माझ्या हातातला लोटा खाली पडला आणि बुद्धिबळवाले सगळे उठून उभे राहिले.

आमचं गाव हारियांजा कुळाचं, आणि हारियांजांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुना आल्या त्या सिराईतांच्या. आमच्यात मुलगी देणारे थोर, घेणारे धाकटे. मुलगी देणाऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला नाही तर भातसुद्धा नीट पिकत नाही म्हणतात. आणि मी स्वतः सिराईतांची लेक.

माझं दुखणं आणखी वेगळं होतं. मला भाऊ नव्हता. बापाची मी एकुलती एक. थोरले आजोबा पूर्वेकडच्या रबराच्या मळ्यांत कामाला गेले ते बायकापोरांसकट तिकडचेच झाले. नवरा वारल्यापासून दुकान, शेत, पोरगा सगळं मी एकटीने ओढलं, त्याचं काही वाटलं नाही. पण पोराचं, माझ्या जोंगीचं, लग्न ठरलं आणि भाऊ नसणं माझ्या घशात अडकलं. नवऱ्यामुलाला मामा हवा. मुलाने मामाचीच मुलगी करावी अशी आमची रीत. बाहेरची करायची तर मामाने चारचौघांत 'हीसुद्धा माझीच लेक' असं म्हणून दोघांच्या खांद्यांवर उलोसची शाल पांघरावी लागते. नाहीतर ते लग्न नुसतं जेवण. मामा नसला की लोक कुळातला कोणीतरी लांबचा माणूस आणून उभा करतात. पण माझी होणारी विहीण मोठी खट. मागणी घालायला गेले तेव्हा पान चघळत म्हणाली, "मामा आणा हं. भाड्याचा नको. माझ्या दुमारिसला कोणी विचारलं, तुझा मामेसासरा कोण, तर तिने काय बाजाराकडे बोट दाखवायचं?"

त्या दिवसापासून मी रोज देवाकडे भाऊ मागत होते, आणि हा बोटीतून उतरला.

"कुठल्या शाखेचे?" मी विचारलं. "रबराच्या मळ्यात गेलेल्या थोरल्या आजोबांचे तर नव्हे?"

"तेच ते," तो म्हणाला.

"एक पाय आखूड असलेले?"

"डावा."

"माझा बाप तर उजवा म्हणायचा."

"समोरून बघितलं की उजवा," तो म्हणाला, आणि दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोणाला काही खटकलं नाही. मला तर नाहीच नाही. पाणी मी ओतत होते, तो नुसतं भांडं धरून उभा होता. थोरल्या शाखेचा म्हणून तो माझा दादा झाला. दुकानामागची खोली मी त्याला दिली आणि त्याच संध्याकाळी एक पिल्लू कापलं.

रविवारी त्याने उपदेश केला. बायबलातली डुकरांची गोष्ट आमच्या पोरांनाही पाठ असते. प्रभूने भुतं डुकरांच्या कळपात घातली आणि तो कळप कड्यावरून धावत जाऊन तळ्यात बुडाला. तळ्याकाठी राहायचं, डुकरं पाळायची. अख्ख्या बायबलात आमच्याच गावात घडलेली वाटावी अशी ही एकच गोष्ट आहे. मारोजाहानने नेमकी तीच उचलली.

"भुतं डुकरात जाऊ शकतात," तो म्हणाला, "मग पापं का नाही जाणार?"

जाबांगूनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण समोर मुलगी देणाऱ्या कुळाचा माणूस. त्याने तोंड मिटलं. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, या माणसात नक्की काहीतरी दैवी आहे.

रीत सोपी होती. डुकराला धरून बसायचं आणि पाप त्याच्या कानात सांगायचं. लहान पापाला पिल्लू चालेल, मोठ्या पापाला मोठं डुकर हवं. मग मारोजाहान ते डुकर नावेत घालून एकटाच तळ्यात घुसलेल्या टेकाडाच्या पलीकडे न्यायचा आणि खोल पाण्यात सोडायचा. काठावरून कोणी बघायचं नाही. "बायबलातल्या लोटाच्या बायकोने मागे वळून बघितलं, तिचं काय झालं, आठवतं ना?" तो विचारायचा. मिठाचा खांब व्हायची कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून सगळे पाठ फिरवून भजनं म्हणायचे. तो परतायचा तेव्हा नाव रिकामी असायची आणि कोट ओला. एवढे कष्ट करून आलेल्या माणसाला काहीतरी चांगलंचुंगलं घालावं म्हणून बायका आणखी एक पिल्लू कापायच्या.

गावाला वेड लागलं. कोणाचं डुकर केवढं यावरून कुजबुज व्हायला लागली. म्हातारा सिहोल, ज्याने उभ्या जन्मात बायकोच्या धाकाने शिळा भातसुद्धा टाकला नव्हता, त्याने नुसत्या बढाईपोटी भलंमोठं डुकर आणलं आणि त्याच्या कानाशी बसून गालातल्या गालात हसत राहिला. जाबांगून तर एका डुकराशी इतका वेळ बोलला की ते घोरायला लागलं.

माझ्याकडून मात्र दादाने डुकर घेतलं नाही. "तुझं कसलं पाप असणार?" तो म्हणाला.

"जिभेचं."

"ते कुठल्याच डुकराला झेपणार नाही," तो म्हणाला, आणि मी किती वर्षांनी अशी खदखदून हसले ते देवाला माहीत.

माणूस घरात वावरायला चांगला होता, हे सांगायलाच हवं. माझ्या छपराचे गंजलेले पत्रे त्याने न सांगता बदलले. ताडीचे बांबू घासून ठेवायचा. गिटार घेऊन बसला की बुद्धिबळवाले डाव विसरायचे. विहिणीकडे मी निरोप धाडला की सख्ख्यासारखा भाऊ मिळालाय, आता मामाची चिंता नको. तिचा उलटा निरोप आला, "बघू." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

पण गावातली माणसं पापातून मोकळी झाली आणि मग फारच मोकळी झाली. एकाने शेजाऱ्याच्या शेतात बांध सरकवला, संध्याकाळी पिल्लाच्या कानात सांगितलं, आणि बांध होता तिथेच ठेवला. का नाही ठेवणार? पाप तर तळ्याच्या तळाशी गेलं होतं. पूर्वी चोरी करणारा निदान चार दिवस तोंड चुकवायचा, आता दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन पुढच्या बाकावर बसायचा.

एका सकाळी शेजारची रुमोंदांग तिखट मागायला आली. एक डोळा सुजून मिटलेला.

"बोनारने?" मी विचारलं. बोनार तिचा नवरा.

"हं."

"आहे कुठे तो?"

"मारोजाहान गुरुजींकडे गेलाय डुकर घेऊन. संध्याकाळपर्यंत निर्मळ होऊन येईल." ती अगदी साधं, बाजाराचा भाव सांगावा तसं बोलली. मग म्हणाली, "माझंच डुकर नेलंय. त्याची आई मेली होती, मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या संध्याकाळी दादाला ताट वाढलं आणि समोर उभी राहिले.

"बोनारचं पाप डुकराने नेलं. रुमोंदांगचा डोळा कोणी न्यायचा?"

त्याने घास खाली ठेवला. उठून तळ्याकाठी जाऊन बसला, आणि त्या दिवसानंतर त्याने एकही डुकर घेतलं नाही. प्रभूने विसावा घ्यायला सांगितलंय, असं लोकांना सांगायचा. खरं सांगायचं तर गावात घेण्यासारखं डुकरच उरलं नव्हतं.

म्हणूनच जोंगीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी जाबांगूनला पलीकडच्या काठावरच्या बाजारात जावं लागलं. येताना त्याने असं डुकर आणलं की सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. काळंभोर, लठ्ठ, कपाळावर पांढरा ठिपका. "पारख लागते," जाबांगून म्हणाला. "पन्नास डुकरांत हे उभं होतं. माझ्याकडे बघत होतं."

लग्नाच्या दिवशी सकाळी बायका मागच्या अंगणात मसाला वाटत होत्या. तिरफळाच्या वासाने शिंका चालल्या होत्या. पुरुष सुऱ्या पाजळत होते. रुमोंदांग कांदे सोलायला आली आणि सवयीने, कोंबड्यांना उष्टं टाकताना, डुकरांना घालायची तिची ती लांब हाक घातली. खुंट्याला बांधलेलं डुकर किंचाळलं, दोर तोडून धावत आलं आणि तिच्या मांडीत नाक खुपसून उभं राहिलं.

तिने त्याच्या कपाळावरचा ठिपका बघितला. "हे आमचं आहे," ती म्हणाली.

"खुळी का तू?" जाबांगून म्हणाला. "तुमचं बुडालं."

"बुडालेलं डुकर लठ्ठ होत नाही, भावोजी."

सिहोलच्या हातातली सुरी खाली पडली. "म्हणजे बोनारची पापं… यात आहेत?"

"नुसती बोनारची नाहीत," जाबांगून हळूच म्हणाला. त्याचा चेहरा भातासारखा पांढरा पडला होता. "माझ्याकडचं डुकर संपलं होतं. बोनार म्हणाला, माझ्या डुकरात जागा आहे, तुम्हीही थोडं घाला."

"मी पण घातलंय थोडं," कोणीतरी मागून म्हणालं. मग आणखी एक जण. असे करत करत सहा-सात निघाले.

आता आली का पंचाईत? आमच्यात लग्नाच्या डुकराचे वाटे नात्याप्रमाणे ठरलेले. जबडा कोणाला, मान कोणाला, शेपटीकडचा भाग कोणाला, यात इकडचं तिकडे झालं तर भावकी तुटते. वाटा नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. आणि वाटा खाल्ला तर बोनारची, आणखी सहा-सात जणांची, झालंच तर मंडळीच्या वडिलांची पापं पोटात.

"विहिणीच्या वाट्याला माझं ते मेदान शहरातलं पाप आलं म्हणजे?" जाबांगून डोकं धरून म्हणाला.

"कुठलं मेदानचं?" त्याची बायको कढईमागून म्हणाली.

जाबांगूनला एकदम भलतंच सुचलं. "पण हे बुडालं नाही तर बाजारात आलं कसं?"

एवढं साधं, पण ते डोक्यात शिरायला सगळ्यांना जरा वेळ लागला. मग सगळे काळ्या कोटाकडे वळले. काळा कोट तिथे नव्हता.

तो माझ्या स्वयंपाकघरात होता, एका हातात गाठोडं, दुसरा हात मागच्या दाराच्या कडीवर. मी भाताचा मोठा उलथना घेऊन दारात उभी राहिले.

"पळतोयस?"

"हो."

"डुकरं विकलीस?"

"हो."

"सगळी?"

"सिहोलची म्हातारी डुकरीण कोणी घेतली नाही. ती पोहत कुठेतरी गेली."

"सिराईतांच्या पोटी असा माणूस जन्मावा!" माझा आवाज फुटला. "माझ्या आजोबांच्या रक्ताचा…"

त्याने गाठोडं खाली ठेवलं. "मी सिराईत नाही, लामरिया. पांगारिबुआन आहे. बोटीत दोन बायका बोलत होत्या, की या गावात सिराईत म्हणून गेलं की जेवायची ददात नाही."

"आणि आजोबांचा पाय?"

"तो तूच सांगितलास."

मी उलथना उगारला. तो हलला नाही. उलट त्याच्या तोंडावर एक वेडगळ हसू आलं.

"पण यात एक चांगलं आहे बघ. आपण भाऊबहीण नाही. सिराईतांची मुलगी पांगारिबुआनांना चालते. लामरिया, मी तुला मागणी घालतोय. डुकरांचं काय ते मी भरून देईन. तू म्हणशील ते करीन."

मला आवडत होता तो. आता लपवून काय करायचं? छपरावर बसून गाणी म्हणत पत्रे ठोकायचा तेव्हा मी खाली शिडी धरून उभी राहायची, शिडी धरायची काही गरज नसताना. भाऊ मिळाल्याचा आनंद म्हणतात तो हाच, अशी मी मनाची समजूत घातली होती. मला कधी भाऊ नव्हता, मला काय माहीत?

तेवढ्यात तळ्यावरून वाजंत्री ऐकू आली. नवरीकडच्यांच्या बोटी टेकाडाला वळसा घालून येत होत्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. जोंगी नव्या सुटात उभा राहून एकटाच पुटपुटत होता. मामाला नमस्कार करताना काय बोलायचं ते पाठ करत होता बिचारा. या माणसाने बाहेर जाऊन 'मी पांगारिबुआन' असं म्हटलं असतं तर मला नवरा मिळाला असता आणि माझ्या पोराचा मामा गेला असता. विहीण तर टपलेलीच होती. भाड्याचा मामासुद्धा चालला असता एक वेळ, पण खोट्या मामावरून तिने दुमारिसला बोटीतून खाली उतरवलंच नसतं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग कोणालाच कळायचं नाही. बाहेर जा आणि डुकरांचं खरं सांग. सगळं सांग. मार बसला तर खा. पण कुळाचा शब्द काढायचा नाही. आज नाही, मरतानाही नाही. तू सिराईत आहेस. माझा दादा आहेस."

"म्हणजे आयुष्यभर?"

"आयुष्यभर."

"फार मोठी शिक्षा आहे ही."

"लहान पापाला पिल्लू, मोठ्याला मोठं. तूच शिकवलंस." मी त्याच्या कोटाची बटणं लावून दिली. "आणि यात माझंही पाप असेल तर ते माझ्याकडे राहील. कुठल्या डुकराला देणार नाही मी."

तो बाहेर गेला आणि भात कांडायच्या उखळीवर उभा राहिला. सुरेख उपदेश करणारा माणूस, पण त्या दिवशी चार वाक्यं बोलला.

"डुकरं बुडवली नाहीत, विकली. तुमची पापं त्यांच्यात कधी गेलीच नव्हती. मी खोटं बोललो. मला माफी नको, तुमची डुकरं मी फेडीन."

मला वाटलं, आता याला तळ्यात बुडवणार. पण सगळ्यांत आधी सिहोलचा आवाज आला.

"म्हणजे माझी पापं अजून माझ्याकडेच?"

"हो आजोबा."

"सगळी?"

"जशीच्या तशी."

"आता या वयात कुठे ठेवू मी ती?" म्हातारा रडवेला होऊन म्हणाला. नसलेली पापंसुद्धा परत आल्यासारखा तो खाली बसला.

जाबांगूनची बायको कढईमागून पुढे आली. "म्हणजे मेदानचं आता मला सांगायला हरकत नाही."

रुमोंदांग अजून डुकराच्या मानेवर हात ठेवून उभी होती. ती कधी चारचौघांत बोलत नसे. त्या दिवशी नवऱ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलंस? माझ्या डोळ्याचं पाप अजून तुझ्याच अंगावर आहे." बोनार एवढा दांडगा, पण मान वर करेना. आजवर सगळे त्याच्या डुकराकडे बघत होते, आता त्याच्याकडे बघत होते. त्यानंतर त्याने हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही, पण उचलला की रुमोंदांग सरळ माझ्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर सांगायची, आणि दोन-तीनदा असं झाल्यावर तो हात खाली राहायला शिकला.

कोणीतरी मारोजाहानच्या कोटाची कॉलर धरली. "अरे, अरे!" जाबांगून ओरडला. मेदानवरून विषय बदलायला त्याला निमित्तच हवं होतं. "मुलगी देणाऱ्यांच्या माणसावर हात? मग पेरणी झाल्यावर आशीर्वाद कोणाकडे मागाल?" कॉलर सुटली. शिव्या मात्र सगळ्यांनी मनसोक्त घातल्या, कारण शिव्यांबद्दल रीतीत काही सांगितलेलं नाही.

बोटी काठाला लागत होत्या आणि डुकर जिवंत होतं. कोणी सुरी उचलेना. मी रुमोंदांगकडे बघितलं.

"माझं डुकर आहे," ती म्हणाली. "बोनारच्या पापाला मी दिलं नव्हतं, त्याने नेलं. जोंगीच्या लग्नाला मी देते." तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि घरात निघून गेली. वाटे झाले तेव्हा जबडा कोणाला आणि मान कोणाला हे बाजूला ठेवून पहिलं ताट तिच्या घरी गेलं, आणि त्यावर जाबांगूननेसुद्धा वाद घातला नाही.

विहीण बोटीतून उतरली ती तडक मामाकडे. वर-खाली बघून घेतलं. "हेच का ते?"

"हेच माझे दादा," मी म्हटलं.

मामाने आणायचा मासा रात्रीच मी त्याच्या नावाने शिजवून ठेवला होता. तो त्याने पुढे केला. मग उलोस उचलली आणि जोंगी-दुमारिसच्या खांद्यांवर पांघरली. 'हीसुद्धा माझीच लेक' एवढंच म्हणायचं असतं, पण त्याला ते जमेना. तिसऱ्यांदा शब्द फुटला तेव्हा डोळ्यांतून धारा लागलेल्या. त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं, पण रीतच अशी की मामाने शेवटी बहिणीकडे बघून मान झुकवायची. त्याने झुकवली.

विहीण माझ्या कानाशी आली. "भाड्याचे असं रडत नाहीत," ती म्हणाली. तिने मला दिलेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी.

तो गावातच राहिला. पाळकसाहेबांनी त्याला सगळ्या मंडळीपुढे उभं करून चांगलं झापलं आणि मग घंटा वाजवायचं काम दिलं. उपदेश करायला कायमची बंदी. दुकानामागे त्याने डुकरं पाळली आणि वर्षानुवर्षं एकेका घरी पिल्लू पोचवत राहिला. पुढे घर बांधून वेगळा झाला, तरी संध्याकाळी येऊन बसायचा. मी ताडी ओतायची आणि म्हणायची, "घे दादा." तो म्हणायचा, "आण, लामरिया." एवढंच बोलणं.

मग एकदा नातवाच्या बारशाला विहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढा मायाळू भाऊ, आणि बिनलग्नाचा? बहिणीने बघायला नको का कुठे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईबाप नसले की भावाची मुलगी बघणं बहिणीचंच काम. "बघते," मी म्हटलं.

आणि बघितली. तळ्याकाठची गावं पालथी घातली. सिराईतांची मुलगी नको, हे मी सगळ्यांना सांगत होते. त्याच्या खऱ्या कुळातली, पांगारिबुआनांची, नको, हे कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून तिथे मुलीचं नाक काढायची, नाहीतर चाल. लोक म्हणाले, बाई फार चोखंदळ आहे. शेवटी डोंगरापलीकडची एक विधवा मिळाली, तियोरिता. मनाने मोकळी, मोठ्याने हसणारी. तिच्यात मला एकही खोट काढता आली नाही, आणि मी मनापासून प्रयत्न केला होता.

दादा एकदाच म्हणाला, "लामरिया, हे राहू दे ना."

"मुलगी चांगली आहे दादा," मी म्हटलं.

लग्नात आईच्या जागी मीच उभी होते. तांदूळ मीच उधळले, सुनेला हात धरून घरात मीच घेतलं, आणि त्याच्या खांद्यावरची उलोस वारा आला तेव्हा मीच सारखी केली. विहिणीने मला रुमाल दिला. आईबाप नसलेल्या भावाच्या लग्नात बहिणीने रडायचंच असतं, त्यामुळे मी किती रडले ते कोणी विचारलं नाही.